गोळीमागचं लोखंड

पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्या. ती जुन्या पद्धतीने, म्हणजे पॅरानायट्रोफिनॉलवर लोखंडाचा चुरा टाकून बनवली असेल, तर कागदावरच्या हिशेबाने तिच्यापायी ४१५ मिलिग्रॅम लोखंड खर्ची पडतं आणि मागे ५७५ मिलिग्रॅम काळा ऑक्साइड उरतो. गोळीतल्या औषधापेक्षा तिच्यामागचा गाळ वजनाने जास्त भरतो. हा हिशेबही रसायनातला प्रत्येक रेणू सत्कारणी लागला असं धरून केलेला. कारखान्यात लोखंड नेहमीच जास्तीचं टाकावं लागतं, गाळ ओला असतो, आणि त्यात थोडं औषधाचं अमाइनही चिकटून बसलेलं असतं.

माझी सगळी नोकरी तारापूरच्या एमआयडीसीत, बल्क ड्रग बनवणाऱ्या कारखान्यांत झाली. त्यामुळे हा गाळ मला आकड्यांआधी वासाने माहीत झाला. हल्ली औषधनिर्मिती पर्यावरणाला सोसवेल अशी कशी करायची याची चर्चा निघाली की एक वाक्य हमखास येतं: पॅलेडियम, ऱ्होडियम, प्लॅटिनम हे दुर्मीळ धातू सोडून लोखंड, तांबं, निकेल, मँगेनीज, कोबाल्ट यांना उत्प्रेरक म्हणून कामाला लावा. मला ही दिशा पटते आणि तिच्यासाठी झटणाऱ्या संशोधकांबद्दल मनात आदर आहे. पण हे धातू जणू काल-परवा प्रयोगशाळेत सापडले अशा थाटात ते सांगितलं जातं, तेव्हा मला गप्प बसवत नाही. आमचा धंदा जन्मला तोच लोखंडाच्या चुऱ्यात. लोखंडाने आम्हाला औषधं दिली आणि लोखंडानेच आमचे ओढे काळे केले. त्या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवल्या तरच आजचं संशोधन नेमकं काय बदलू पाहतंय ते कळतं.

सुरुवात १८५४ सालची. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात आंत्वान बेशाँ हा रसायनशास्त्रज्ञ औषधशास्त्र शिकवत होता. नायट्रोबेंझीनपासून ॲनिलिन बनवायची रीत त्याआधीही होती. रशियात कझानमध्ये झिनिनने १८४२ मध्येच अमोनियम सल्फाइड वापरून ते करून दाखवलं होतं. पण तो घाणेरडा आणि महागडा मार्ग होता. बेशाँने लोखंडाचा कीस आणि ॲसेटिक आम्ल घेतलं, आणि नायट्रोचं अमाइन झालं. पुढे ॲसेटिकच्या जागी स्वस्त हायड्रोक्लोरिक आलं आणि तेही अगदी थोडं पुरतं असं लक्षात आलं, कारण खरा व्यवहार लोखंड आणि पाण्यात चालतो. आम्ल फक्त लोखंडाचं तोंड उघडून देतं.

दोनच वर्षांनी, १८५६ मध्ये, लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन क्विनीन बनवायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. मलेरियावरचं औषध शोधताना रंगाचा धंदा सुरू झाला, ही कथा अनेकांनी वाचलेली असते. त्यातला एक तपशील मात्र सहसा सुटतो. पर्किनने ग्रीनफर्डला कारखाना काढला तेव्हा त्याला ॲनिलिन पिंपांनी लागणार होतं, आणि ते विकत मिळत नव्हतं. ते त्याने बेशाँच्या लोखंडावर बनवलं. पुढचा सगळा कोलटार रंगांचा उद्योग, आणि त्याच्या पोटातून निघालेला औषधांचा उद्योग, या लोखंडी कढईवर उभा राहिला.

औषधं अक्षरशः त्या रंगांच्या पोटातूनच आली. १८८६ मध्ये त्याच स्ट्रासबुर्गमध्ये कान आणि हेप्प या दोन तरुण डॉक्टरांनी एका रुग्णाला जंतांवर म्हणून नॅफ्थलीन दिलं. औषधवाल्याकडून चुकून वेगळीच पूड आली होती, आणि रुग्णाचा ताप उतरला. ती पूड ॲसेटानिलाइड होती, म्हणजे ॲनिलिनचाच एक सोपा अवतार. ती 'अँटिफेब्रिन' नावाने विकली जाऊ लागली. बायर कंपनीकडे रंगांच्या कामातून उरलेल्या पॅरानायट्रोफिनॉलचे ढीग पडून होते. त्यांतून १८८८ मध्ये फिनॅसेटिन आलं. आणि पॅरासिटामॉल? ते या दोघांच्या आधीच, १८७८ मध्ये, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हार्मन मोर्सने बनवून ठेवलं होतं. त्याने पॅरानायट्रोफिनॉलवर कथील वापरलं होतं, ग्लेशियल ॲसेटिक आम्लात. म्हणजे तिथेही साधा, बाजारात मिळणारा धातूच. पण त्या पदार्थाकडे औषध म्हणून नीट लक्ष जायला १९४८ साल उजाडावं लागलं. ब्रॉडी आणि ॲक्सलरॉड यांनी दाखवलं की ॲसेटानिलाइड घेतल्यावर शरीरात खरं काम पॅरासिटामॉलच करतं. मग पन्नाशीच्या दशकात ते दुकानात आलं.

आमच्याकडे ही कढई कशी चालायची ते मी थोडं सविस्तर लिहितो, कारण ते लिहिलेलं फारसं सापडत नाही. पुस्तकात एक ओळीचं समीकरण असतं. प्रत्यक्षात पहिला प्रश्न चुऱ्याचा. शुद्ध लोखंडाची पूड या कामाला तितकी चांगली नाही. करड्या बिडाचा चुरा, लेथवर बीड तासताना पडतो तो, सगळ्यात चांगला चालतो. त्यात ग्रॅफाइटच्या कण्या असतात, लोखंड आणि ग्रॅफाइट पाण्यात शेजारी असले की लोखंड लवकर गंजतं, आणि आम्हाला नेमकं तेच गंजणं हवं असतं. चुऱ्याला मशीनचं तेल लागलेलं असलं तर बॅच सुरूच होत नाही. म्हणून पोतं उघडल्यावर पहिला वास घ्यायचा. मुठीत घेऊन चोळायचा. हात काळा झाला तर ठीक, तेलकट झाला तर पोतं परत.

रिॲक्टरमध्ये पाणी, थोडं आम्ल, थोडा चुरा. वाफ देऊन उकळी जवळ आणायची, लोखंड 'चावलं' की नायट्रोफिनॉल थोडं थोडं सोडायचं. इथे उष्णता एकदम सुटते. वाफ वेळेवर बंद केली नाही तर काळा फेस मॅनहोलमधून वर येतो. आमच्याकडे एक ज्येष्ठ ऑपरेटर होते, बोईसरजवळच्या पाड्यावरचे. ते थर्मामीटर पाहायच्या आधी रिॲक्टरचा आवाज ऐकायचे. "साहेब, वाफ तोडा, चढतंय," एवढंच म्हणायचे, आणि मी वाफ तोडायचो. नवीन असताना मी त्यांना विचारलं होतं, "काका, तुम्हाला आधी कसं कळतं?" ते म्हणाले, "ढवळणीचा आवाज जड होतो." पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक केमिस्टला मी तो आवाज ऐकायला उभं केलं.

संपलं की नाही हे पाहायला साधी खूण होती. गाळणकागदावर एक थेंब, त्यावर कॉस्टिकचा एक थेंब. नायट्रोफिनॉल शिल्लक असेल तर कागद पिवळा होतो. पिवळा गेला की सोडा ॲश घालून आम्ल मारायचं आणि गरम असतानाच गाळायचं, कारण तयार झालेलं पॅराअमिनोफिनॉल, म्हणजे पॅरासिटामॉलच्या आधीचं अमाइन, गरम पाण्यात विरघळतं आणि गार झालं की बसतं. वर गाळणीत राहतो काळा चिखल. तो पुन्हा गरम पाण्याने धुवायचा, नाहीतर माल त्यात राहून जातो. खाली उतरलेलं द्रावण हवेत उघडं राहिलं की तपकिरी पडतं, म्हणून त्यात हायड्रोसल्फाइट. हे सगळं जमून आलं तर पांढरा माल. एखाद्या पायरीला उशीर झाला की गुलाबी झाक, आणि गुलाबी झाकेचा माल घ्यायला कुणी तयार नसतं.

आणि मग तो गाळ. लोखंड पुरतं गंजलेलं नसेल आणि ढीग कोरडा पडला तर तो आपोआप तापायचा, कधी धुमसायचा. त्यात अमाइन असायचंच. १९८९ मध्ये धोकादायक कचऱ्याचे नियम आले, त्यानंतर हळूहळू तो मोजून, नोंद करून, पुढे तळोज्यासारख्या क्षेपणभूमीकडे जायला लागला. त्याआधी तो कुठे जायचा हे औद्योगिक पट्ट्यातल्या कोणत्याही जुन्या गावकऱ्याला विचारा. खाडीकडे जाणारे नाले, शेतांच्या कडा, अर्धवट बुजवलेले खड्डे. पावसाळ्यात त्यातून लाल पाणी वाहायचं. मी एका कारखान्यात असताना आमच्याही फाटकातून या गाळाचे ट्रॅक्टर गेलेले आहेत. मासेमारी करणाऱ्यांनी आणि भात लावणाऱ्यांनी त्याची किंमत मोजली. आमच्या ताळेबंदात ती कधी दिसली नाही, आणि याचा मला आजही राग येतो.

यातून सुटायला वाट नव्हती असंही नाही. जर्मनीत बायरच्या युर्डिंगनच्या कारखान्यात युलियुस लाऊक्स याने १९२५ च्या सुमारास या गाळाकडे माल म्हणून पाहिलं. बेशाँच्या पद्धतीत योग्य क्षार मिसळले तर ॲनिलिनबरोबर उरणारा लोखंडाचा ऑक्साइड चांगल्या प्रतीचा रंग होऊन निघतो, काळा, पिवळा, आणि भाजला तर लाल, हे त्याने दाखवलं. एका बाजूने ॲनिलिन, दुसऱ्या बाजूने रंगद्रव्य. फरशा आणि सिमेंट रंगवायला तो ऑक्साइड आजही जगभर जातो. मोठ्या कारखान्याला हे जमलं, कारण गाळ रोज सारखाच, टनांनी निघत होता. आमच्यासारख्या लहान कारखान्यांत आज एक माल, उद्या दुसरा. गाळ कधीच सारखा नसायचा. त्यामुळे तो रंगवाल्याच्या कामाचा नव्हता.

इथे मला एक भेद स्पष्ट मांडायचा आहे, कारण सगळी चर्चा त्याच्यावर उभी आहे. बेशाँच्या कढईत लोखंड उत्प्रेरक नसतं. ते इंधन असतं. नायट्रोला लागणारे इलेक्ट्रॉन ते स्वतः देतं आणि संपतं. उत्प्रेरक काम करून पुन्हा तसाच मोकळा होतो आणि पुढच्या रेणूकडे वळतो. धातू स्वस्त आहे म्हणून प्रक्रिया आपोआप स्वच्छ होत नाही. आमच्या कढईतला धातू सगळ्यात स्वस्त होता, आणि तीच सगळ्यात घाण होती.

दुसरी वाट दाखवली निकेलने. दक्षिण फ्रान्समध्ये तुलूझला पॉल साबातिये आणि सांदेराँ यांनी १८९७ मध्ये बारीक निकेलवरून एथिलीन आणि हायड्रोजन एकत्र सोडले आणि एथेन मिळालं. निकेल जिथल्या तिथे. साबातियेला यासाठी १९१२ चं नोबेल मिळालं. औषधांच्या आधी हे निकेल तुपाच्या धंद्यात शिरलं. जर्मनीत नॉर्मानने द्रव तेलं निकेलवर हायड्रोजनने घट्ट करून दाखवली, आणि तीच विद्या मुंबईत शिवडीला आली. १९३१ मध्ये हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी निघाली आणि पुढच्या वर्षी शिवडीच्या कारखान्यात वनस्पती बनू लागलं. ज्याला महाराष्ट्रातल्या घराघरांत डालडा म्हणून ओळखलं गेलं, ते निकेल उत्प्रेरकाचं बाळ. त्याने हृदयाचं काय केलं हा वेगळा विषय आहे. पण हायड्रोजनचा ऑटोक्लेव्ह हाताळण्याची सवय या देशाला तेलाच्या कारखान्यांनी लावली, हे मी मानतो.

औषधवाल्यांना हवं होतं त्याहून तिखट निकेल. ते दिलं मरे रेनी या अमेरिकन मेकॅनिकल इंजिनियरने. टेनेसीतल्या चॅटनूगा गावी सरकीच्या तेलाच्या कंपनीत तो नोकरीला होता. त्याने आधी निकेल आणि सिलिकॉनचा मिश्रधातू करून कॉस्टिकने सिलिकॉन धुवून काढला. मग १९२७ च्या पेटंटमध्ये निकेल आणि ॲल्युमिनियम निम्मे-निम्मे. ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळून जातं आणि मागे राहतं ते निकेल, घावनाला जाळी पडते तसं आरपार भोकाभोकांचं. निम्मं-निम्मं हे प्रमाण त्याने काही सिद्धांतावरून काढलेलं नव्हतं, ते योगायोगाने नेमकं बसलं, असं तो स्वतः पुढे सांगत असे. हे रेनी निकेल पाण्याखाली ठेवावं लागतं. गाळणकागदावर सुकलं की ते हवेत पेटतं. ज्याने एकदा ते पाहिलं तो पुन्हा कधी गाळणी कोरडी पडू देत नाही.

ग्लुकोजचं सॉर्बिटॉल करायला, आणि तिथून क जीवनसत्त्वाकडे जायला, रेनी निकेल लागलं. नायट्रोचं अमाइन करायला ते लागलं, आणि लोखंडाचा गाळ जिथे जिथे थांबला तिथे बहुतेक वेळा निकेल आणि हायड्रोजन आलेले होते. १९९२ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या बिशप इथे आयब्युप्रोफेनचा नवा कारखाना सुरू झाला. सहा पायऱ्यांचं काम तीन पायऱ्यांत आलं. त्यातली मधली पायरी रेनी निकेलवरच्या हायड्रोजनची. शेवटची पायरी पॅलेडियमची. हे दोन धातू एकाच कारखान्यात शेजारी उभे होते, आणि दोघांनी मिळून कचरा कमी केला. १९९७ मध्ये या प्रक्रियेला अमेरिकेचा हरित रसायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पॅरासिटामॉलच्या बाबतीत एक काम आपल्या अंगणातलं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत चौधरी, रोडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकाअखेरीस नायट्रोबेंझीनपासून थेट, एकाच रिॲक्टरमध्ये, पॅराअमिनोफिनॉल काढायच्या पद्धतीचा बारकाईने अभ्यास केला. सौम्य सल्फ्युरिक आम्ल, हायड्रोजन, आणि कार्बनवर बसवलेलं प्लॅटिनम. नायट्रोफिनॉल नको, लोखंड नको. अर्थात थोडं ॲनिलिन सोबत येतं आणि आम्ल मारल्यावर क्षार उरतो, पण काळा डोंगर उरत नाही. दुर्मीळ प्लॅटिनमचे काही ग्रॅम टनभर लोखंडापेक्षा स्वच्छ ठरले. 'स्वस्त धातू म्हणजे हिरवी प्रक्रिया' असं कुणी म्हटलं की मी हे उदाहरण पुढे करतो. आणि हे काम किती आवश्यक होतं ते मार्च २०२० मध्ये कळलं. सरकारने पॅरासिटामॉलच्या निर्यातीवर बंधन घातलं, आणि त्याच महिन्यात जाहीर झालेल्या उत्पादन-प्रोत्साहन योजनेत, परदेशावर विसंबून असलेल्या कच्च्या मालाच्या यादीत, पॅराअमिनोफिनॉल होतं. लोखंडाची कढई आम्ही बंद केली, पण तिच्या जागी पुरेसं काही उभं केलं नाही.

तांब्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९०१ मध्ये फ्रिट्झ उलमान आणि १९०६ मध्ये इर्मा गोल्डबर्ग यांनी तांब्याच्या मदतीने बेंझीनच्या कड्यावरचा हॅलोजन काढून तिथे दुसरं काही जोडायच्या रीती दिल्या. गोल्डबर्गच्या रीतीत तांबं थोडंसंच लागायचं, म्हणजे ते खरंच उत्प्रेरक होतं. त्या काळात स्त्री रसायनशास्त्रज्ञाचं नाव एखाद्या अभिक्रियेला लागणं किती दुर्मीळ होतं, हे वेगळं सांगायला नको. पाळीच्या दुखण्यावर आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं मेफेनॅमिक ॲसिड याच रीतीने बनतं: ऑर्थोक्लोरोबेंझोइक आम्ल, झायलिडीन आणि चिमूटभर तांबं. म्हणजे 'विपुल धातूचा उत्प्रेरक' हा शब्दप्रयोग कुणी काढायच्या कितीतरी आधी आपल्या कारखान्यांत तो चालू होता. अडचण तापमानाची होती. चांगली कडक उष्णता, डांबरासारखे उपपदार्थ, आणि नाजूक रेणू असेल तर तो जळायचा.

आणि इथेच पॅलेडियम जिंकलं. सत्तरच्या दशकात मिझोरोकी, हेक, नेगिशी, सुझुकी यांनी कार्बन-कार्बन जोडण्याच्या अशा रीती दिल्या, की नाजूक रेणूही न जळता जोडता येऊ लागले. लोसार्टनमधली दोन बेंझीन कडी सुझुकीच्या पद्धतीने जोडून रक्तदाबाचं औषध मोठ्या प्रमाणात बनलं. २०१० चं नोबेल हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना मिळालं ते योग्यच होतं. पॅलेडियम दोन-दोन इलेक्ट्रॉनांच्या ठरलेल्या पावलांनी चालतं. त्याचे मधले टप्पे एनएमआर यंत्रावर स्वच्छ दिसतात, म्हणून केमिस्टला कुठे काय बिघडतंय ते कळतं. लोखंड आणि कोबाल्ट एकेका इलेक्ट्रॉनाने सरकतात, त्यांच्या सुट्या इलेक्ट्रॉनांच्या चुंबकत्वामुळे एनएमआरची रेघ फिसकटते, आणि मधल्या टप्प्यावर काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. १९४१ मध्ये शिकागोत खराश यांनी, आणि १९७१ मध्ये इंडियाना विद्यापीठात तामुरा आणि कोची यांनी लोखंडाने जोडणी करून दाखवली होती. कोचींचं काम पॅलेडियमच्या बरोबरीच्या काळातलं, तरी ते बाजूला पडलं. मी त्याबद्दल कुणाला दोष देत नाही. ज्या धातूचं वागणं वाचता येतं त्याच्यावरच माणूस टनांची बॅच लावतो.

मग परत येणं का सुरू झालं? एक कारण खाणींचं. पृथ्वीच्या कवचातला सरासरी एक टन खडक घेतला तर त्यात सुमारे ५० किलो लोखंड असतं आणि पॅलेडियम साधारण १५ मिलिग्रॅम. जगातलं चाळीस टक्क्यांच्या आसपास पॅलेडियम रशियातून येतं. युक्रेनमधलं युद्ध पेटल्यावर मार्च २०२२ मध्ये त्याचा भाव औंसाला तीन हजार डॉलरच्या वर गेला. दुसरं कारण रुग्णाच्या पोटातलं. औषधात उरणाऱ्या धातूंवर २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमावली आली. तोंडाने घेण्याच्या औषधात पॅलेडियम दिवसाला १०० मायक्रोग्रॅमच्या वर नको. तांब्याला ३००० मायक्रोग्रॅमची मुभा. लोखंड आणि मँगेनीज इतके निरुपद्रवी मानले, की त्यांच्यासाठी अशी मर्यादाच घातली नाही. पण कोबाल्टची मर्यादा ५० मायक्रोग्रॅम, पॅलेडियमच्याही निम्मी. 'विपुल धातू' म्हणून सगळ्यांना एका टोपलीत टाकणाऱ्यांनी हा आकडा पाहावा.

या परतीच्या वाटेवरची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मँगेनीजची आहे. लोसार्टन, व्हल्सार्टन अशा औषधांच्या मुळाशी एक मध्यवर्ती माल असतो. धंद्यात त्याला सगळे ओटीबीएन म्हणतात. फ्रान्समध्ये जेरार काहिएझ आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकाअखेरीस दाखवलं, की ऑर्थोक्लोरोबेंझोनायट्राइल आणि टोलिल ग्रिन्यार (मॅग्नेशियमचा अभिकर्मक) यांची जोडणी साध्या मँगेनीज क्लोराइडवर होते. क्लोराइड चालतं, म्हणजे कच्चा मालही स्वस्त. पॅलेडियम धुवून काढायचा खर्च नाही. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीत ज्या धातूचं खनिज निघतं, त्याने रक्तदाबाच्या गोळीचा कणा जोडता येतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

२००२ मध्ये जर्मनीत म्युलहाइमच्या माक्स प्लांक संस्थेत आलोइस फ्युर्स्टनर आणि लाइटनर यांनी लोखंडाला नवं आयुष्य दिलं. लोखंडाचा साधा क्षार, ग्रिन्यार, शून्य अंश, आणि काही मिनिटांत काम पूर्ण. फक्त त्यात एनएमपी नावाचं द्रावक लागायचं, आणि ते गर्भाला अपायकारक आहे. धातू निर्दोष असला तरी त्याच्याबरोबरच्या बाटलीवरचं लेबल वाचावं लागतं.

मग २००९ मध्ये एक प्रामाणिक निबंध आला. जर्मनीतले कार्स्टन बोल्म यांनी फेरिक क्लोराइड वापरून नायट्रोजन जोडायच्या रीती प्रसिद्ध केल्या होत्या. त्यांनी स्वतःच अमेरिकेतल्या बुखवाल्ड यांच्यासोबत पुन्हा तपासणी केली. ९९.९९ टक्के शुद्ध फेरिक क्लोराइड घेतलं तर उत्पादन कोसळत होतं, आणि दशलक्षात काही भाग इतका तांब्याचा ऑक्साइड टाकला की परत येत होतं. म्हणजे त्या अभिक्रियांत खरं काम लोखंडातल्या भेसळीच्या तांब्याने केलं होतं. आपल्याच शोधाचा असा निकाल लावून तो छापणं याला मी विज्ञानातलं मोठं धैर्य मानतो. आमच्या क्यूसीतल्या तरुणांना मी हा निबंध वाचायला देतो. आपल्या धंद्यात पुरवठादार बदलला की बॅच बदलते, हे सगळ्यांनी भोगलेलं असतं. त्याचं कारण अनेकदा लेबलवर न लिहिलेल्या त्या काही भागांत असतं.

२०१३ मध्ये जर्मनीतल्या रॉस्टॉकला मात्तिआस बेलर यांच्या प्रयोगशाळेत भारतीय संशोधक राजेनहळ्ळी जगदीश आणि सहकाऱ्यांनी लोखंडाचा क्षार आणि फिनँथ्रोलीन कार्बनवर बसवून सुमारे ८०० अंशांना भाजलं. जो पदार्थ मिळाला तो हायड्रोजन घेऊन नायट्रोचं अमाइन करतो, आणि रेणूतले इतर नाजूक भाग तसेच ठेवतो. हे बेशाँचंच काम, पण इथे इलेक्ट्रॉन हायड्रोजनकडून येतात आणि लोखंड गाळून पुन्हा वापरता येतं. दाब चांगलाच लागतो, तेव्हा कढईवाल्या कारखान्याला ते उद्या सकाळी जमणार नाही.

अपस्मारावरच्या लेव्हेटिरासेटमचं काम मला अधिक जवळचं वाटतं. २०१८ मध्ये प्रिन्स्टनचे पॉल चिरिक आणि मर्क कंपनीच्या केमिस्टांनी ते कोबाल्टवर, २०० ग्रॅमच्या बॅचमध्ये, उजव्या-डाव्या रूपांपैकी एकाच हाताचा रेणू निवडून बनवलं. हजार रेणूंमागे कोबाल्टचा एक अणूही लागला नाही. अशी निवड आधी ऱ्होडियमच करायचं. त्यांना यश मिळालं ते मिथेनॉलमध्ये, आणि असे धातू हाताळणारे लोक वर्षानुवर्षं अल्कोहोल दूर ठेवत आले होते, कारण ते उत्प्रेरकाला मारतं असा समज होता. कोबाल्ट क्लोराइड, जस्ताची पूड, मिथेनॉल: या तिन्ही वस्तू तारापूरच्या कुठल्याही कारखान्याच्या स्टोअरमध्ये आज आहेत. नाही ती चौथी वस्तू, कोबाल्टला धरून त्याला एक हात निवडायला लावणारं फॉस्फरसचं लिगँड. ते ग्रॅमवर येतं, बाहेरून येतं, आणि त्याच्यापुढे कोबाल्टची किंमत काहीच नाही. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या पोरापोरींना मी म्हणतो, धातू शोधायचा हट्ट सोडा. हे लिगँड पाच पायऱ्यांत, हवेत न बिघडता, किलोने कसं बनवायचं ते शोधा. त्यांतल्या एकीने मागच्या पावसाळ्यात त्याची पहिली पायरी बसवली आहे, आणि दुसऱ्या पायरीत तिचं फॉस्फाइन अजून हवेत बिघडतंय.